आवाजाचा रकाना

६ जून

प्रिय मामा,

नमस्कार. मामी म्हणाली, फोन करू नकोस, ते काही उचलायचे नाहीत, त्यापेक्षा पत्र लिही. म्हणून आज पाकिटं विकत आणली. दुकानदार ती शोधायला आत गेला तो बराच वेळ बाहेरच आला नाही. मला वाटलं, छापून आणतोय की काय.

बातमी अशी की मी पास झाले. तत्त्वज्ञानात, पहिल्या वर्गात. घरात सगळ्यांनी कौतुक केलं आणि त्याच दमात पुढे काय, असंही विचारलं. आई म्हणते, शिक्षिका हो. बाबा म्हणतात, स्पर्धा परीक्षा दे. थोरल्या काकांनी तर भर जेवणात विचारलं, "म्हणजे तुला आता नक्की काय येतं?" मी म्हटलं, आमटी वाढता येते, आणि त्यांना वाढली.

विद्यापीठात नोकरीचं मार्गदर्शन करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे तत्त्वज्ञानाच्या पदवीधरांसाठी एक छापील कागद असतो. अध्यापन, वकिली, पत्रकारिता, मनुष्यबळ विभाग, प्रशासन, आणि शेवटची ओळ, 'इतर'. मी विचारलं, इतर म्हणजे काय? बाई म्हणाल्या, ते ज्याचं त्याने बघायचं. वकिली म्हणजे आणखी तीन वर्षं शिकायचं. मनुष्यबळवाल्यांकडे मुलाखतीला गेले होते. त्यांनी विचारलं, तुमच्यातला सगळ्यात मोठा दोष कोणता? मी विचारलं, कोणाच्या दृष्टीने? मुलाखत तिथेच आटोपली.

तुझी फार आठवण येते. सुट्टीत तू मला गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये न्यायचास ते आठवतं. मामीचं ते एका बाजूची मूठ तुटलेलं लाटणं! एक टोक मोटरवर, दुसरं कानाला. आधी तू ऐकायचास, मग मला ऐकवायचास आणि विचारायचास, काय म्हणतेय ती? मला एवढंच हवंय. काय म्हणतेय ते विचारायचं आणि खरं उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही. याला नोकरी कोण देतं, ते सांग.

तुझी,
भुंगा


१३ जून

चि. भुंगा,

आशीर्वाद. पहिला वर्ग मिळवलास, आनंद झाला. मामीने शेजारी-पाजारी सगळ्यांना सांगून झालं आहे. कोणत्या विषयात, ते मात्र तिने सांगितलेलं नाही.

फोनवर मला बोलणं जमत नाही हे खरं आहे. लिहिताना माणूस विचार करून लिहितो. तू तर विचार करण्याचीच पदवी घेतली आहेस, तेव्हा तुला पत्रच बरं.

आता कामाचं. तुझ्या कागदावरच्या 'इतर'ला हसू नकोस. आमच्या कंपनीत बिघाडाचं रजिस्टर असतं. लिफ्ट बंद पडली की कारणाचा रकाना भरायचा. वीज, दार, दोर, ब्रेक आणि इतर. दर महिन्याला निम्म्याहून जास्त बिघाड 'इतर'मध्ये जातात. इतर लिहिलं की कोणी काही विचारत नाही. मेकॅनिकही सुटतो आणि साहेबही सुटतो. मी अठ्ठावीस वर्षं हे बघतो आहे आणि अठ्ठावीस वर्षं माझं डोकं फिरतं आहे.

तुमच्या शहरात आमचं मुख्य कार्यालय आहे. तिथल्या सुरक्षा विभागाच्या मॅडम गेल्या महिन्यात इथे आल्या होत्या. त्या म्हणत होत्या, इंजिनिअर ढीगभर आहेत, पण झालेली गोष्ट सरळ लिहिणारं आणि उलट प्रश्न विचारणारं माणूस मिळत नाही. मी मनात म्हटलं, तसला एक भुंगा आमच्या घरात आहे. तुझा अर्ज जाऊ दे. माझी भाची म्हणून घेणार नाहीत आणि तू तसं सांगूही नकोस.

मशीन रूममध्ये तुला नेत होतो तेव्हा काय सांगायचो ते आठवतं ना? चांगल्या मोटरलाही आवाज असतोच. जी अगदी गप्प आहे ती बंद आहे. हे मुलाखतीत सांग.

तुझा,
मामा


२० जुलै

प्रिय मामा,

मी नोकरीला लागले! सहा महिने तात्पुरती, काम पटलं तर कायम. खिडकीजवळचं टेबल मिळालंय. खिडकी उघडत नाही, पण ती आहे.

मॅडमनी मुलाखतीत एक जुना अहवाल पुढे ठेवला आणि विचारलं, यात काय चुकलंय? वाक्य असं होतं: 'दाराच्या बिघाडामुळे लिफ्ट थांबली.' मी म्हटलं, लिफ्ट थांबली हे कोणीतरी पाहिलंय. दारामुळे थांबली हे कोणी पाहिलेलं नाही, तो अंदाज आहे. दोन्ही एकाच वाक्यात घातल्यामुळे अंदाजसुद्धा पाहिल्यासारखा वाटतो. आमच्याकडे पहिल्याच वर्षी शिकवतात, प्रत्यक्ष वेगळं आणि अनुमान वेगळं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, सोमवारपासून या.

पहिल्याच महिन्यात मी एक नवीन तक्ता केला. दर महिन्याच्या तपासणीला मेकॅनिकने तो भरायचा. डावीकडे स्वतः पाहिलं, ऐकलं, हात लावून बघितलं ते. उजवीकडे त्यावरून काय वाटतं ते. डावीकडे तीन रकाने केलेत, डोळे, हात आणि कान. आवाजाचा रकाना तुझ्या लाटण्यावरून सुचला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ऑगस्टपासून तुमच्या शाखेतही येईल. पहिला तक्ता तुझ्या हातचा वाचायला मी आतुर आहे.

थोरल्या काकांनी विचारलं, तिकडे नक्की काय करतेस? मी म्हटलं, लिफ्ट का थांबली ते विचारते. ते म्हणाले, यासाठी तत्त्वज्ञान लागतं? मी म्हटलं, लागतं.

तुझी,
भुंगा


१६ ऑगस्ट

चि. भुंगा,

आशीर्वाद. तुझा तक्ता आला. आमच्या शाखेत तुझ्या नावाने सगळे बोटं मोडताहेत, मी आपला माझे तक्ते भरतो. पूर्वी एका सहीत काम व्हायचं, आता लिफ्टची जन्मपत्रिका मांडावी लागते, असं म्हणतात. त्यांना म्हणू देत.

माझ्याकडे तेवीस लिफ्ट आहेत. सगळ्यांचे तक्ते पाठवले आहेत. दोराची जाडी, तेलाची पातळी, ब्रेकचं अंतर, सगळं मापून लिहिलं आहे. हे रकाने चांगले केलेस. आवाजाचा रकाना मात्र मला तितकासा पटला नाही. आवाज ही सांगायची गोष्ट नाही. एकाला खरखर वाटते ती दुसऱ्याला घरघर वाटते. पुढच्या वेळी तो काढून टाकलास तरी चालेल.

मामी बरी आहे. निवृत्तीला तीन वर्षं राहिली, तोवर हे जिने चढणं चालू राहील.

तुझा,
मामा


९ सप्टेंबर

प्रिय मामा,

आवाजाचा रकाना काढा, असं तू म्हणावंस! बाकी कोणी म्हटलं असतं तर समजलं असतं. मी तो ठेवलाय. तू कंटाळला असशील म्हणून लिहिलंस, असं धरून चालते.

आज कामाचं लिहितेय. तुमच्या शहरातल्या त्या तीन मजली दवाखान्याची लिफ्ट परवा दोन मजल्यांच्या मध्ये गचका खाऊन थांबली. आत एक नर्स औषधांची ट्रॉली घेऊन उभी होती. ती पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. ती फाईल माझ्या टेबलावर आलीय. दवाखाना तुझ्या तेवीस लिफ्टमधला आहे आणि पाचच दिवसांपूर्वी तू तो तपासला होतास. मॅडमना मी आपलं नातं सांगून टाकलं. भाची म्हणून मी ही फाईल घ्यावी का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, लिहा, मी प्रत्येक ओळ वाचणार आहे.

म्हणून हे अधिकृत विचारते. त्या दिवशी तू वर काय पाहिलंस, काय ऐकलंस? तुझा तक्ता माझ्यासमोर आहे, पण मला तुझ्या शब्दांत हवंय.

तुझी,
भुंगा


१५ सप्टेंबर

चि. भुंगा,

आशीर्वाद. नर्सबाईंचं ऐकून वाईट वाटलं. मी त्यांना ओळखतो, दर महिन्याला मला पाणी विचारतात.

त्या दवाखान्यात लिफ्टवर वजन फार घालतात. ट्रॉल्या, सिलिंडर, माणसं, सगळं एकदम. मी कितीदा सांगितलं. मोटर जाम झाली ती वजनामुळेच असणार. मी सगळं तपासलं होतं, तक्त्यात आहे. तक्त्यात आहे तेवढंच मला सांगायचं आहे.

नसेल कारण सापडत तर 'इतर' लिही. आपणच ज्याच्या नावाने खडे फोडतो ते लिहायला सांगतो आहे, हे कळतं मला. पण प्रत्येक गोष्टीचा कीस काढून चालत नाही.

तुझा,
मामा


२४ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. 'वजनामुळेच असणार' हे उजव्या रकान्यातलं वाक्य आहे. डाव्या रकान्यातलं एकही वाक्य तू लिहिलं नाहीस. मग मी ज्यांना विचारता आलं त्यांना विचारलं. लिफ्टमध्ये त्या वेळी नर्स आणि एक ट्रॉली, एवढंच होतं. सुटकेला आलेल्या तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकने लिहिलंय की मोटरचं बेअरिंग झिजून अडकलं होतं, आणि झिजणारं बेअरिंग आधी खूप दिवस खरखरतं. दवाखान्याचा शिपाई म्हणतो, महिनाभर ती खरखर जिन्यापर्यंत ऐकू येत होती.

तुझ्या तक्त्यात आवाजाच्या रकान्यात लिहिलंय, 'काही नाही'.

मी तुझे दोन्ही महिन्यांचे सगळे तक्ते काढले. तेवीस लिफ्ट, शेहेचाळीस तक्ते. शेहेचाळीस ठिकाणी 'काही नाही'. बाकीच्या शाखांमध्ये असा एकही मेकॅनिक नाही. कुणी गुणगुण लिहिलंय, कुणी टकटक, एकाने तर 'आवाज नेहमीसारखा प्रेमळ' असं लिहिलंय. आणि ज्या माणसाने मला सांगितलं की गप्प मोटर ही बंद मोटर असते, त्याला शेहेचाळीस वेळा काहीच ऐकू आलं नाही.

याचे दोनच अर्थ होतात. एक, तू वर न जाता सही केलीस. हा मी खोडला, कारण दोराची जाडी आणि ब्रेकचं अंतर तू दर वेळी अचूक लिहिलंयस, ते वर गेल्याशिवाय लिहिता येत नाही. मग दुसराच उरतो. तू वर गेलास, लाटणं कानाला लावलंस आणि तुला खरंच काही ऐकू आलं नाही.

फोन न उचलणं, पत्रांची आवड, हे सगळं आता वेगळंच दिसायला लागलंय. गेल्या वर्षी मी तुला फाटकापाशी मागून हाका मारल्या आणि तू वळलाच नाहीस. मला वाटलं, तू रागावलायस. आठवडाभर रडले होते मी. मामा, हे सगळं माझं अनुमान आहे. ते खोटं ठरलं तर मला फार बरं वाटेल.

पण थांबता आलं नाही. आज सकाळी मॅडमना सांगितलं की त्या तेवीस लिफ्ट लगेच दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. त्यांनी कारण विचारलं. आवाजाच्या रकान्यावर माझा भरवसा नाही, असं मी म्हटलं. त्यापुढे बोलले नाही. अहवाल पंधरा ऑक्टोबरला द्यायचाय. कारणाची जागा मी कोरी ठेवलीय. तिथे 'इतर' लिहिणार नाही. त्याआधी तू स्वतः सांगितलंस तर तुझं प्रत्यक्ष लिहीन, नाही तर मला माझं अनुमान लिहावं लागेल. चौदाच्या संध्याकाळपर्यंत मी वाट बघते.

मला लिफ्टचा आवाज ऐकायला तू शिकवलंस. तुझ्याविरुद्ध ते वापरावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तुझी,
भुंगा


३ ऑक्टोबर

चि. भुंगा हिस मामीचा आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ते कामावर गेले तेव्हा मी ते काढून वाचलं. चुकलंच माझं, पण वाचलं.

तुझं अनुमान खरं आहे. दोन वर्षं झाली. आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग फोन. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला, तर म्हणाले, कानाचं कंपनीत कळलं तर मला वर चढू देणार नाहीत, खाली बसवतील. मग मीही झाकायला लागले. फोन मी उचलायचे आणि ते बाहेर गेलेत म्हणून सांगायचे. बोलायचं असलं की आधी समोर जाऊन उभी राहायचे. तुला पत्र लिहायला सांगितलं तेही त्याचसाठी. मला वाटायचं, मी संसार सांभाळतेय. त्या नर्सबाईचा हात मोडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं.

तू ह्यांना पाण्यात बघतेस असं ते म्हणतात, पण त्यांच्या मनात तसं नाही. काल जेवताना म्हणाले, पोरीने दोन अर्थ लिहिले आणि वाईट तो आधी खोडला. एवढंच म्हणाले आणि ताट बाजूला सारलं.

चौदापर्यंत थांब. त्यापुढे मी तुला थांब म्हणणार नाही.

मामी


२६ ऑक्टोबर

चि. भुंगा,

आशीर्वाद. उशीर झाला. मॅडमकडून तुला कळलंच असेल, पण माझ्याकडूनही कळायला हवं.

मी तुझ्यावर रागावलो होतो. पहिले दोन दिवस तुझ्यावर, मग तुझ्या तक्त्यावर, मग लाटण्यावर. लाटण्यावर रागावणाऱ्या माणसाचं आता काय करायचं, असा मलाच प्रश्न पडला. मी तेरा तारखेला मॅडमना भेटायला तुमच्या शहरात आलो होतो. तुझ्या टेबलाच्या मागून गेलो. तू काही लिहीत होतीस. हाक मारली नाही, कारण तू काय उत्तर दिलंस ते मला कळलं नसतं.

मॅडमना सगळं सांगितलं. तुझ्या तक्त्यातच लिहून नेलं होतं. डावीकडे: दोन वर्षांपासून ऐकू येत नाही, बायकोला माहीत आहे, कंपनीला सांगितलं नाही, दर महिन्याला 'काही नाही' लिहिलं. उजवीकडे: नर्सबाईंचा हात माझ्यामुळे मोडला. मॅडम म्हणाल्या, उजवीकडचं वाक्य डावीकडे घ्या, तो आता अंदाज राहिलेला नाही. मी घेतलं, आणि तेच तुझ्या अहवालातल्या कोऱ्या जागेत गेलं.

तेवीस लिफ्ट तपासून झाल्या. तीन ठिकाणी बेअरिंग गेलेलं होतं. त्यातली एक चार मजली वृद्धाश्रमातली. ती लिफ्ट त्याच दिवशी बंद केली. त्या आजीआजोबांची दोन दिवस गैरसोय झाली आणि त्यांनी आमच्या कंपनीला भरपूर शिव्या दिल्या. मला त्या शिव्या फार गोड वाटल्या.

दवाखान्यात जाऊन नर्सबाईंना भेटलो. त्यांना खरं सांगितलं. त्यांनी प्लॅस्टरमधला हात उचलून टेबलावर नीट ठेवला. मग म्हणाल्या, "सांगायला आलात ते बरं केलंत. पण हात अजून दुखतो." मला लाज वाटली. अजून वाटते. ती जावी असं मला वाटतही नाही.

कानाची तपासणी झाली. एका छोट्या बंद खोलीत बसवतात, कानाला यंत्र लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. मला काही ऐकू येत नव्हतं, पण काचेतून त्या तपासणाऱ्या मुलीचा हात दिसत होता. तिचा हात हलला की मी बटण दाबायचो. पाच-सहा वेळा चाललं. मग तिने उठून काचेवर पडदा ओढला. भुंगा, मी तिथे बसलो आणि मला रडू आलं. पडदा ओढल्यावर नुसती शांतता होती. मग मी हात खाली ठेवला आणि ऐकू आलं नाही तेव्हा बटण दाबलं नाही.

यापुढे मी वर चढणार नाही. कार्यशाळेत उतरवलेल्या मोटरी उघडून बसायचं काम दिलं आहे. तिथे डोळे आणि हात पुरतात. मशीन रूमची आठवण येते, खोटं कशाला सांगू. लाटणं मामीने मागितलं, मी दिलं नाही. ते तुझ्याकडे पाठवतो आहे, टेबलावर ठेव.

थोरल्या काकांना सांग, तुला काय येतं ते आता मला नक्की माहीत आहे. माणसाला त्याचं स्वतःचं खरं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. अशा नोकऱ्या फार नसतील, पण एक तरी असावी, हे मी आता स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

गेल्या मंगळवारी श्रवणयंत्र मिळालं. घरी येऊन पहिल्यांदा ऐकला तो स्वयंपाकघरातला गळका नळ. मामी म्हणाली, वर्षभर गळतोय, तुम्हाला सांगून काय उपयोग होता? तिथल्या तिथे वायसर बदलला.

रविवारी सकाळी दहाला फोन करतो. सुरुवातीला जरा सावकाश बोल. काही कळलं नाही तर मी परत विचारीन.

तुझा,
मामा